बाळ कॅरिअरमध्ये टिकतच नाही? आधी माप तपासा

कॅरिअरमध्ये, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घ्यायच्या पट्ट्यांच्या झोळीत, घातलं की पाच मिनिटांत रडं सुरू, काढून खांद्यावर घेतलं की गप्प. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. तान्ह्या बाळाच्या घरात आठ-दहा दिवस हा खेळ चालतो आणि मग निकाल लागतो: "आमच्या बाळाला कॅरिअर आवडत नाही." मीही हा निकाल देऊन मोकळी झाले होते. पण ज्या बाळाला दिवसभर कुणीतरी उचलूनच घ्यावं लागतं, त्याला अंगाशी बांधून घेतलेलं कसं आवडणार नाही? रडण्यामागे बहुतेक वेळा माप असतं, नाहीतर बांधण्याची पद्धत.

आमचा मुलगा जुलैच्या शेवटी, डोंबिवलीच्या ऐन दमट दिवसांत जन्मला. वजन २ किलो ७०० ग्रॅम. बारशाला मावसबहिणीने छान जाड, मऊ गादीचं कॅरिअर दिलं. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'जन्मापासून'. तीन आठवडे मी त्याला रोज त्यात घालत होते आणि रोज तो हळूहळू आत घसरून कण्हत, मग किंचाळत होता. एका दुपारी तो झोपलेला असताना आतली घडीपत्रिका वाचली. बारीक अक्षरांत होतं: किमान वजन ३.५ किलो.

इथेच आपल्याकडचा मोठा घोळ आहे. ही कॅरिअरं बऱ्याचदा परदेशी बाळांच्या मापावर बेतलेली असतात आणि त्यांची किमान मर्यादा साधारण ३.२ ते ३.६ किलोच्या दरम्यान असते. आपल्याकडे पूर्ण दिवसांचं, ठणठणीत बाळही पावणेतीन किलोचं असतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणजे 'जन्मापासून' हा शब्द आपल्या बाळाला पहिला महिना-दीड महिना लागूच होत नाही. त्यामुळे विकत घेताना पहिला प्रश्न वयाचा नको, वजनाचा हवा. दुकानदाराला वयच ठाऊक असतं, म्हणून पत्रिका उघडून आपणच बघायचं.

आता नेमकं काय होतंय त्यावरून कारण शोधू.

बाळ आत घसरतं, हनुवटी छातीला टेकते

ही तक्रार सगळ्यात आधी मिटवायची, बाकीचं नंतर. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान अगदी लेची. श्वासनलिका मऊ नळीसारखी असते. हनुवटी छातीवर टेकली की ती नळी दुमडते. मोठा माणूस अशा वेळी मान उचलतो, तान्हं बाळ उचलू शकत नाही, आणि गंमत म्हणजे अशा वेळी ते नेहमी रडेलच असंही नाही. गप्प पडून राहतं. आपण समजतो झोपलं.

मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून अडकवायच्या कापडी झोळीबद्दल, इशारा दिला होता. वीस वर्षांतल्या १४ मृत्यूंचा त्यात उल्लेख होता आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. त्यात कमी वजनाची जुळी, अपुऱ्या दिवसांची, सर्दीने श्वासाचा त्रास असलेली अशी बाळं बरीच होती. पोटाशी पिशवीसारखं लोंबणारं, ज्यात बाळ इंग्रजी 'सी' सारखं वाकून तळाशी जातं, असं स्लिंग कितीही मऊ असलं तरी घेऊ नका. कुणी वापरलेलं फुकट दिलं तरी नको.

ब्रिटनमधल्या मंडळींनी तपासणीचे पाच मुद्दे ठरवलेत, 'टिक्स' नावाने ते जगभर चालतात. घरच्या भाषेत सांगायचं तर: बाळ आपल्या अंगाला घट्ट बांधलेलं हवं. मान खाली केली की त्याचा चेहरा दिसायला हवा. तेवढ्याच वाकण्यात त्याच्या टाळूचा पापा घेता यायला हवा. हनुवटी आणि छाती यांच्यात आपलं निदान एक बोट मावायला हवं. आणि पाठीला आधार असा हवा, की आपण थोडं पुढे वाकलो (हात बाळाच्या पाठीमागे धरूनच) तरी ते आपल्या छातीपासून सुटू नये.

आमच्या कॅरिअरने या पाचातले साडेतीन मुद्दे नापास केले. गादीमुळे घट्ट बसतच नव्हतं. मी पट्टे शेवटपर्यंत ओढले होते तरी त्याच्या पाठीमागे माझा अख्खा तळवा जात होता.

यावर लोक एक उपाय हमखास सुचवतात: खाली दुपटं किंवा टॉवेल गुंडाळून ठेवा, बाळ वर येईल. मी केलं. दहा मिनिटांनी दुपटं एका बाजूला सरकलं आणि बाळ तिरकं झालं. सुटा कपडा आत कोंबू नका, तो वर सरकून नाकाशी जाऊ शकतो. त्या कॅरिअरसोबत त्याच कंपनीचं लहान बाळाचं आतलं आसन येत असेल तर तेवढं वापरा. नाहीतर कॅरिअर सरळ माळ्यावर टाका, काही महिन्यांनी कामाला येईल.

पाय काठीसारखे लोंबतात, मांडीला वळ उठतात

पहिल्या फजितीनंतर मी ऑनलाइन दुसरं घेतलं, साडेसातशे रुपयांचं. जाहिरातीतलं बाळ बाहेर तोंड करून हसत होतं. हे पहिल्याच्या उलट निघालं: दोन पायांच्या मधली पट्टी जेमतेम माझ्या चार बोटांएवढी. मुलगा त्यात जांघेवर टांगला गेला, पाय खाली सरळ.

आपल्या आज्या-मावश्या बाळ कडेवर घेतात तेव्हा काय होतं ते आठवा. मांड्या फाकलेल्या, गुडघे बुडापेक्षा वर, बूड खोलगट बसलेलं. खुब्याच्या सांध्याला हीच ठेवण मानवते. पहिल्या काही महिन्यांत खुब्याची वाटी अजून मऊ असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसून राहिला तर वाटी नीट घडते. खुब्याच्या सांध्यातल्या दोषावर काम करणारी आंतरराष्ट्रीय हिप डिस्प्लेशिया इन्स्टिट्यूटही हेच सांगते: मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, गुडघे थोडे वर, समोरून बघितलं तर इंग्रजी 'एम'. बाळ पायाळू असेल, मुलगी असेल, घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल तर जास्त सांभाळायचं आणि डॉक्टरांकडून खुबे एकदा तपासून घ्यायचे. (अंघोळीनंतर बाळाचे पाय सरळ करून दुपट्यात करकचून गुंडाळायची पद्धत असते ना, तीही याच कारणाने सोडायची. हात गुंडाळा हवे तर, पाय मोकळे ठेवा.)

माप घेणं सोपं आहे. बाळाचे पाय बेडकासारखे आपोआप वर घेतले जातात तेव्हा एका गुडघ्याच्या लवणीपासून बुडाखालून दुसऱ्या लवणीपर्यंत शिवणकामाची टेप लावा. कॅरिअरची बैठक तेवढी रुंद हवी. कमी असेल तर पाय लोंबतात. जास्त असेल तर पाय ताणून फाकतात, पोटऱ्या कापडात अडकतात आणि बाळ अस्वस्थ होतं. पहिल्या कॅरिअरचा दोष हा होता, दुसऱ्याचा त्याच्या उलट. आणि बाळाला बाहेर तोंड करून घालणं पाचव्या-सहाव्या महिन्याआधी नकोच, जाहिरातीत काहीही दिसू दे.

मऊ म्हणजे काय

आता माझा आवडता मुद्दा, म्हणून जरा लांबणार.

दुकानात आपण कॅरिअर दाबून बघतो. गादी जाड लागली की म्हणतो, बाळाला मऊ लागेल. सोफ्याला हे खरं आहे. बाळाला टेकायला मुळात आपली छाती आहे, त्याहून मऊ गादी कुठे मिळणार? कापडाचं काम एवढंच, की बाळाला त्या छातीशी धरून ठेवायचं. जाड गादी मध्ये आली की कापडाला बाळाच्या पाठीची गोलाई घेता येत नाही, त्याच्या आणि आपल्या मध्ये पोकळ्या राहतात, बाळ त्या पोकळ्यांत घसरतं. शिवाय फोमच्या आत घाम अडकतो. आपल्या हवेत आधीच अंगाला अंग चिकटतं, त्यात पॉलिस्टरची जाळी आणि फोम. आठवडाभरात मुलाच्या मानेवर घामोळं उठलं.

म्हणून मऊपणा बघायचा तो कापडाच्या पडण्यात. हातावर टाकलं की धुतलेल्या सुती साडीसारखं गळायला हवं, पुठ्ठ्यासारखं उभं राहायला नको. गुडघ्यामागे येणारी किनार चिमटीत धरून बघा, शिवण कडक असेल तर तिथेच वळ उठणार. आणि नवीन कापडाला खळ असते, दोन-तीनदा धुतल्याशिवाय बाळाला घालू नका. माझ्या सासूबाईंनी तर सुचवलं, "जुनं सुती पातळ घे की, त्याच्याहून मऊ काय?" सहावारी साडी साडेपाच मीटर असते, लांबीला पुरेशी आहे, हे खरं. पण विरलेलं कापड ताणाखाली फाटतं, आणि जॉर्जेट, सिल्क, नायलॉन गाठीत घसरतं. नवं, घट्ट विणीचं सुती असेल आणि बांधणाऱ्याचा हात बसलेला असेल तरच तो विचार करायचा. मी केला नाही.

मग घ्यायचं काय

पहिल्या तीन महिन्यांसाठी माझ्या मते दोनच पर्याय खरे आहेत, कारण दोन्ही वजनाच्या नव्हे, बाळाच्या आकाराच्या हिशोबाने बसतात.

एक, लवचीक रॅप. पाचेक मीटरचं टी-शर्टासारखं कापड, बाळाभोवती तीन पदर येतात. आधी आपल्या अंगावर बांधून ठेवायचं, मग बाळ आत सरकवायचं. दोन्ही खांद्यांवर भार सारखा. तान्हं बाळ यात अक्षरशः पोटात असल्यासारखं झोपतं. पण तीन पदर म्हणजे उकाडा. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात, किंवा न्यू जर्सीत, लंडनमध्ये बाळंतपण असेल तर डोळे मिटून हेच घ्या. मे महिन्यात नागपुरात असाल तर नको. बाळ जड झालं की हे कापड सैलावून खाली यायला लागतं, तेव्हा त्याचा उपयोग काही महिन्यांचाच.

दुसरं रिंग स्लिंग. दोनेक मीटरचं हातमागाचं सुती किंवा लिननमिश्रित कापड, एका टोकाला अॅल्युमिनियमच्या दोन रिंगा. बाळावर एकच पदर. आम्ही शेवटी हेच घेतलं आणि पहिल्याच दिवशी मी ते रागाने कोपऱ्यात फेकलं, कारण ते बांधायला शिकावं लागतं. साडी नेसणाऱ्या बाईला मात्र त्यातली अर्धी विद्या आधीच येत असते. रिंगांमधून कापड ओवताना निऱ्यांसारखं सारखं पसरवायचं, गोळा करून कोंबायचं नाही. वरचा काठ ओढला की बाळाच्या मानेकडचा भाग घट्ट होतो, खालचा काठ ओढला की बुडाकडचा, मधलं कापड ओढलं की पाठीचा. मी पूर्ण पदर एकदम ओढत होते, म्हणून मान सैल आणि मांड्या आवळलेल्या, असं होत होतं. बाळाचं वजन हाताने थोडं उचलून धरायचं, मग चिमटी-चिमटीने कापड ओढायचं. खालचा काठ एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या लवणीपर्यंत, बाळ आणि आपण यांच्या मध्ये खोचलेला हवा. वरचा काठ कानाच्या पाळीच्या खाली. रिंगा शेवटी जिथे साडीला ब्रोच लावतो तिथे याव्यात. ओढताना त्या खाली सरकतात, म्हणून सुरुवात खांद्यावरून करायची.

रिंगा जोड नसलेल्या, याच कामासाठी बनवलेल्या हव्यात. बाजारातल्या शोभेच्या किंवा पर्सच्या रिंगा लावून घरी शिवू नका. आणि भार एका खांद्यावर येतो, म्हणून खांदा बदलत राहायचं.

सराव बाळावर करू नका. दोन-अडीच किलो तांदळाची पिशवी घ्या, पलंगाशेजारी उभ्या राहा, चार दिवस तीच घेऊन फिरा. शेजारीण हसेल. हसू दे.

बकलवालंच हवं असेल, कारण नवऱ्यालाही घालायचंय आणि त्याला गाठी नको आहेत, तर बैठकीची रुंदी आणि पाठीची उंची दोन्ही कमी-जास्त होतात असं, पातळ कापडाचं घ्या. किमान वजन आपल्या बाळाच्या वजनाशी ताडून बघा. परत करण्याची मुदत संपायच्या आत घरातच घालून बघा.

माप बरोबर, तरी रडतं

पटापट सांगते. भुकेलं किंवा आधीच रडून लाल झालेलं बाळ नव्या गोष्टीत घालू नका. दूध पिऊन, ढेकर काढून, जरा गुंगीत असताना घाला. घातल्यावर लगेच चालायला लागा, उभं राहून पट्टे नीट करत बसलात की ते वैतागतं. पायमोजे जोडलेला झबला-पायजमा असेल तर तो बोटांना ओढ देतो, काढा. कपड्याचा एक थर कमी करा, मानेवर मागून हात लावून घाम बघा. डायपर. आणि बाळाचे हात आत दुमडून खाली गेलेत का बघा, ते हनुवटीशी वर हवेत.

सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं तशीही सगळ्यात जास्त रडतात. माँट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या एका अभ्यासात ज्या बाळांना, ती रडत नसतानाही, रोज जास्त वेळ उचलून घेतलं गेलं, ती सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. 'न रडतानाही' हे महत्त्वाचं. आपण कॅरिअर औषधासारखं शेवटी काढतो.

"मान धरली नाही, उभं काय धरतेस?"

हे वाक्य आमच्याकडे दिवसातून दोनदा. सासूबाईंचं मानेबद्दल बरोबर होतं, उभं धरण्याबद्दल नव्हतं. हे मी सांगून पटलं नसतंच. पण आमच्या शेजारच्या मुलीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, दीड किलोचं, आणि सासूबाई तिला भेटायला गेल्या तेव्हा नर्सने बाळ आईच्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय करून, मान एका बाजूला वळवून बांधलेलं त्यांनी पाहिलं. कांगारू मदर केअर. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली, इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून, डॉक्टरांनी हे सुरू केलं आणि आता आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही करतात. घरी येऊन त्या म्हणाल्या, "अगं, ते तर आपल्याहून अर्ध्या वजनाचं होतं." "आई, तुम्ही बांधून बघता का?" विचारलं तर म्हणाल्या, "आधी तू नीट शीक."

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. कांगारू केअर डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली असते. बाळ अपुऱ्या दिवसांचं, अडीच किलोच्या खालचं, किंवा श्वासाचा त्रास असलेलं असेल तर कुठलंही कॅरिअर घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. कॅरिअरमध्ये असताना बाळ घुरघुरायला लागलं, ओठ निळसर वाटले, हात-पाय लुळे पडले, तर बांधणी नीट करत बसू नका. लगेच बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे पळा. आणि सर्दीने नाक चोंदलेल्या दिवशी कॅरिअरला सुट्टी.

आईचं दुखणं

माझं सिझर झालेलं. कंबरपट्टा नेमका टाक्यांवर यायचा आणि मी पोक काढून चालायचे, मग पाठ धरायची. कंबरपट्टा बेंबीच्या वर, फासळ्यांखाली बांधला तर चालतं, पण खरं सुख रिंग स्लिंगमध्ये मिळालं, कारण त्याला कंबरपट्टाच नाही. कुणाचेही टाके दुखत असतील तर तोवर हे काम बाबाला द्या. पाठ दुखते तेव्हा नव्वद टक्के वेळा बाळ खाली लोंबत असतं. वर घ्या, पापा घेण्याइतकं वर, दुखणं निम्मं होतं. (नव्वद हा माझा अंदाज, गेल्या वर्षात चार मैत्रिणींचे पट्टे ओढून काढलेला.)

कुठे नाही घालायचं

गॅससमोर नाही. पोळ्या लाटताना ठीक, फोडणी देताना नाही. गाडीत कार सीटऐवजी नाही. स्कूटरवर तर अजिबात नाही. दुचाकीवर लहान मुलांसाठी २०२२ च्या केंद्राच्या नियमात जो सेफ्टी हार्नेस सांगितलाय तो वेगळा, चालकाशी बांधायचा, आणि त्याच नियमात नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेटही आहे. हेल्मेट पेलण्याइतकी मान नसलेल्या बाळाला दुचाकीवर न्यायचंच कशाला? रिक्षा करा. लोकलच्या गर्दीत बाळाच्या डोक्यावर आपला तळवा कायम हवा, आणि शक्यतो दुपारची रिकामी गाडी. झोपेने आपलेच डोळे मिटत असतील तर बाळ काढून पाळण्यात ठेवा, कॅरिअर घालून सोफ्यावर आडवं होणं फार धोक्याचं. स्लिंगमध्ये दूध पाजलं तर पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा उभं करून घट्ट करा, आडवं तसंच झोपू देऊ नका.

मावसबहिणीचं ते गादीवालं कॅरिअर सहा महिने माळ्यावर होतं. फेब्रुवारीत, मुलगा साडेसात किलोचा झाल्यावर काढलं. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत बैठक बरोबर बसली, पाठीमागे तळवा जाईना. नवऱ्याने बकल लावलं, जिना उतरून भाजी आणायला गेला, आणि परत आला तेव्हा पोरगं कोथिंबिरीची जुडी घट्ट धरून झोपलेलं होतं.